धक्क्याला बांधलेली बोट

बोटीचा विमा म्हटलं की आधी वादळच डोळ्यांपुढे येतं. अंगावर कोसळणारी लाट, फाटलेलं शीड, खडकावर आपटणारा तळ. असं घडतं, नाही असं नाही. पण हौसेच्या बोटींचे क्लेम रोज हाताळणाऱ्या कुणालाही विचारा. चालताना बुडतात त्यापेक्षा बांधून ठेवलेल्या जागीच जास्त बोटी बुडतात, असंच तो सांगेल. वारा पडलेला असतो, पाणी संथ असतं, मालक घरी झोपलेला असतो. सकाळी धक्क्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी दोर ताठ ताणलेले दिसतात आणि पाण्यावर उरलेला टपाचा एक कोपरा दिसतो.

पॉलिसी निवडताना हीच रात्र समोर ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. हप्ता किती आणि विमा रक्कम किती, हे दोन आकडे पहिल्या पानावर ठळक छापलेले असतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. त्या रात्रीचे पैसे मिळणार की नाही, हे मात्र मागच्या पानांवर, ‘वगळलेल्या बाबी’ या मथळ्याखाली ठरलेलं असतं. म्हणून पॉलिसी मागून पुढे वाचावी. आधी काय मिळणार नाही ते, मग कोणत्या अटींवर मिळणार ते, आणि सगळ्यात शेवटी किती मिळणार ते.

बांधलेली बोट बुडते कशी, हे जरा जवळून पाहू. बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात. एकातून इंजिन थंड ठेवायला पाणी आत येतं, एकातून बेसिनचं पाणी बाहेर जातं, एकातून बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर निघतो. पाण्याच्या भोकाला आतून सीकॉक म्हणजे बंद-चालू करायची झडप, झडपेच्या तोंडावर रबरी होज पाइप, आणि तो घट्ट धरून ठेवणारा पट्टीचा क्लॅम्प. क्लॅम्प चकचकीत दिसतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची असते, पण स्वस्तातल्या क्लॅम्पचा स्क्रू पुष्कळदा हलक्या पोलादाचा असतो. लोहचुंबक चिकटला की शंका घ्यावी. त्यातही पट्टीला आरपार खाचा पाडलेल्या असल्या तर गंजायला जागा आयतीच मिळते. स्क्रूच्या डबीखाली जो भाग झाकला जातो, तिथे खारी ओल साचून राहते आणि पट्टी नेमकी तिथेच खाल्ली जाते. वरून हाताचं बोट फिरवलं तरी काही कळत नाही. एका रात्री पट्टी तुटते, होज घसरतो आणि अडीच सेंटिमीटर व्यासाचं भोक पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर उघडं पडतं.

त्यातून मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येतं, म्हणजे तासाला साडेतीन टन. बिल्ज पंप, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, आहे की, असं आपण म्हणतो. पंपावर ताशी २००० लिटर लिहिलेलं असेल, पण तो आकडा पाणी वर न उचलता आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोजलेला असतो. तेच पाणी मीटरभर उचलून वळ्यावळ्यांच्या नळीतून बाहेर फेकायचं म्हटलं की तो निम्म्यावर आला तरी नवल नाही. शिवाय पंप ४ अँपिअर खात असेल तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर २५ तास चालते, आणि जुनी झालेली त्याच्या निम्मीसुद्धा नाही. होज न घसरताही हेच सावकाश घडू शकतं. पंख्याच्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या डबीतून, म्हणजे स्टफिंग बॉक्समधून, सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटर पाणी जमतं. पंप ते मुकाट्याने फेकत राहतो, किनाऱ्यावरून येणारी वीज कधीतरी तुटते, चार्जर बंद पडतो, आणि मग आठवडाभराच्या पावसाचं पाणी त्यात मिळतं.

आता विमा कंपनीच्या बाजूने बघा. बोट कशामुळे बुडाली? क्लॅम्प गंजला म्हणून. गंज, झीज, हळूहळू होणारी खराबी हे जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेलं असतं, आणि ते रास्तही आहे. जुनं झालं ते बदलणं हे मालकाचं काम. प्रश्न पुढचा आहे. एका पॉलिसीत लिहिलेलं असतं की झिजलेला किंवा गंजलेला भाग बदलण्याचा खर्च मिळणार नाही. म्हणजे क्लॅम्पचे पैसे तुमचे, पण त्यामुळे बुडालेल्या बोटीचं नुकसान कंपनीचं. दुसऱ्या पॉलिसीत असतं की झीज किंवा गंज यांमुळे ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे’ होणारं कोणतंही नुकसान मिळणार नाही. या दोन शब्दांत अख्खी बोट गेली. दोन्ही पॉलिसींचं पहिलं पान सारखं असू शकतं, विमा रक्कमही तीच. हप्त्यात जो फरक दिसतो, तो या एका ओळीचाही असू शकतो.

म्हणून विकणाऱ्याला असा प्रश्न लेखी विचारावा: ‘बांधलेल्या बोटीचा होज क्लॅम्प गंजून तुटला आणि बोट बुडाली, तर बोटीचे, इंजिनाचे आणि ती वर काढण्याचे पैसे मिळतील का? कोणत्या कलमाखाली?’ उत्तरात कलमाचा क्रमांक यायला हवा. तोंडी ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ याला काही अर्थ नाही.

हा वाद नवा नाही. १८८० च्या दशकात इंचमरी नावाचं जहाज नांगरावर उभं होतं. बॉयलरमध्ये पाणी भरणारा पंप चालू केला, पण एक झडप बंद राहिली होती. पाण्याला वाट मिळाली नाही आणि पंप फुटला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि १८८७ मध्ये निकाल लागला की हा समुद्राचा धोका नव्हे, असा पंप जमिनीवरही फुटला असता; विमा लागू नाही. जहाजमालक हादरले. त्यानंतर पॉलिसींमध्ये जे कलम आलं, ते आजही त्या जहाजाच्या नावाने ओळखलं जातं. लपलेला दोष किंवा खलाशांची चूक यांमुळे होणारं नुकसान त्यात धरलेलं असतं, मालकाने स्वतः पुरेशी काळजी घेतली असेल तर. आज हौसेच्या बोटीच्या पॉलिसीत ‘लपलेला दोष’ हे शब्द दिसले की त्यांच्यामागे तो फुटलेला पंप आहे. आणि ब्रिटनचा १९०६ चा सागरी विमा कायदा, ज्याची छाप अनेक देशांच्या कायद्यांवर आहे, त्याच्या ५५ व्या कलमात झीज, नेहमीची गळती आणि उंदीर-किडे यांमुळे होणारं नुकसान, पॉलिसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर, वगळलेलं आहे. उंदराने वायर कुरतडली तर काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

किमतीकडे आता येऊ. दोन पद्धती आहेत. एकीत बोटीची किंमत पॉलिसी घेतानाच दोघांनी ठरवून लिहिलेली असते. बोट पूर्ण गेली तर तीच मिळते. दुसरीत नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव, म्हणजे घसारा (वापराने आणि वयाने घटलेली किंमत) वजा करून जे उरेल ते. बोट १०० ला घेतली आणि दहा वर्षांनी तशीच बोट बाजारात ६० ला मिळत असेल, तर दुसऱ्या पद्धतीत ६० च्या वर काही मिळणार नाही, हप्ता १०० वर भरला असला तरी. बाजारभावाच्या पॉलिसीत रक्कम फुगवून लिहिणं म्हणजे पैसे पाण्यात. ठरीव किमतीचा हप्ता जास्त असतो, पण जुन्या आणि नीट राखलेल्या बोटीसाठी मी तीच घ्या म्हणेन, कारण बाजारभाव तुमच्या राखणीची कदर करत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात असू द्या: ठरीव किंमत पूर्ण नुकसानीपुरती असते. अर्धवट नुकसानीत शिडं, ताडपत्री, बॅटऱ्या, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन यांच्यावर बहुधा घसारा लागतो. दहा वर्षं आयुष्य धरलेलं शीड आठव्या वर्षी गेलं, तर नव्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा हातात येईल. वीज पडून सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं जळाली तर काय, हेही पॉलिसीतल्या घसाऱ्याच्या तक्त्यात शोधावं.

वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपल्या खिशातला हिस्सा, पुष्कळ पॉलिसींमध्ये विमा रकमेच्या टक्क्यांत असते. नुकसानीच्या टक्क्यांत नाही. ही चूक फार होते. १०० च्या बोटीवर २ टक्के वजावट म्हणजे ५ चं नुकसान झालं तरी २ तुमचे. नाव दिलेल्या चक्रीवादळासाठी वजावट वेगळी आणि बरीच मोठी असू शकते. वर्षाचा लहानसहान खर्च आपण सोसू शकत असू, तर वजावट वाढवून हप्ता कमी करावा आणि वाचलेल्या पैशांत कलमं चांगली असलेली पॉलिसी घ्यावी. हा सौदा मला जवळजवळ नेहमीच फायद्याचा वाटतो.

बुडालेली बोट तिथेच सोडून देता येत नाही, हे अनेकांच्या गावीही नसतं. ती वाहतुकीच्या वाटेत असते, तिच्यातून डिझेल पसरत असतं, आणि ती उचलण्याचा हुकूम मालकाच्या नावानेच निघतो. पाणबुडे, हवेच्या पिशव्या, क्रेन, तेल अडवणारे तरंगते पट्टे, आणि शेवटी मोडीत काढलेल्या फायबरग्लासची विल्हेवाट: हा खर्च जुन्या बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होणं अगदी शक्य आहे. पॉलिसीत तो विमा रकमेच्या आतून जातो की वेगळा मिळतो, हे शोधा. आतून जात असेल, तर ६० च्या बोटीला वर काढायला ४० लागल्यावर हातात २० राहतात. वेगळा असेल तर त्याची मर्यादा किती, आणि तेलगळतीचा दंड व सफाई त्यात येते का. मोठ्या जहाजांसाठी बुडीत जहाज हटवण्याचा नैरोबी करार २००७ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये लागू झाला. त्यात ३०० टनेज आणि वरच्या जहाजांना विमा सक्तीचा आहे. हौसेच्या छोट्या बोटींना ती सक्ती लागू होत नाही. म्हणजे तुमच्यावर सक्ती नसेल, पण जबाबदारी तुमचीच राहते.

दुसऱ्यांच्या नुकसानीची मर्यादा ठरवताना बोटीच्या किमतीकडे बघूच नये. छोटी, जुनी, स्वस्त बोटही पोहणाऱ्याच्या पायावरून पंखा नेऊ शकते. इथे कंजूषपणा करू नका. हप्त्यात ही मर्यादा दुप्पट करायला लागणारा खर्च सहसा थोडा असतो. आणि वगळलेलं इथेही असतं. १ नोव्हेंबर १९८५ च्या इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस या बऱ्याच पॉलिसींचा पाया आहेत. बोटीमागे दोर धरून स्कीइंग करणाऱ्याला झालेली इजा त्यांच्यात नेहमीच्या संरक्षणाबाहेर आहे. बोटीचा कमाल वेग १७ नॉट्सच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर असेल, तर स्पीडबोटसाठीची वेगळी कलमं लागतात. आउटबोर्ड इंजिन नेहमीच्या पकडीशिवाय आणखी एका चोरीविरोधी कुलपाने जखडलेलं नसेल तर चोरीचे पैसे नाहीत; ते निसटून पाण्यात पडलं तरीही नाहीत. सोबतच्या छोट्या होडीवर मूळ बोटीचं नाव न पुसणाऱ्या रंगात लिहिलेलं नसेल, तर ती होडी विम्याबाहेर. पाच मिनिटांचं रंगकाम, पण ते न केल्याने क्लेम जातो. इंजिनाचा आणि बोटीच्या सांगाड्याचा नंबर फोटोसह घरी ठेवावा. बोटीतल्या कपाटात नको.

ओढून नेणं आणि वाचवणं या दोन गोष्टी पाण्यावर एकसारख्या दिसतात. कुणीतरी दोर टाकतो, तुम्ही बांधता. पण इंधन संपलं म्हणून धक्क्यापर्यंत ओढलं, तर बिल तासांवर किंवा ठरलेल्या रकमेवर होतं. बोट धोक्यात असताना वाचवली, तर १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मोबदला ठरतो तो वाचलेल्या मालमत्तेची किंमत, धोका, कौशल्य, लागलेला वेळ आणि खर्च बघून. कमाल किती, तर वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीइतका. वाचवणाऱ्यांचा जुना प्रमाण करार, लॉइड्स ओपन फॉर्म, १९०८ पासून याच तत्त्वावर चालतो: वाचलं तर मोबदला, नाही तर काही नाही. दोर हातात घेण्याआधी जीव सुरक्षित असेल तर एवढंच विचारा: ‘हे ओढणं आहे की बचाव? रक्कम आत्ता ठरवतो का?’ उत्तर साक्षीदारासमोर किंवा रेडिओवर व्हावं. आणि पॉलिसीत बघा की बचावाचा खर्च बोटीच्या पूर्ण किमतीइतका धरलाय का. ओढून नेण्याची मदत बहुधा वेगळी, जोडून घ्यायची असते. ती लहान रकमेत मिळते आणि सगळ्यात जास्त वापरली जाते.

आता अटी. इथे ‘वॉरंटी’ हा शब्द लोकांना फसवतो. दुकानातली वॉरंटी विकणारा देतो. विम्यातली वॉरंटी तुम्ही कंपनीला देता: बोट या पाण्याबाहेर नेणार नाही, या दोन तारखांच्या दरम्यान चालवणार नाही, चालवताना अमुकच माणूस असेल, भाड्याने देणार नाही, शर्यतीत उतरवणार नाही. १९०६ च्या कायद्यात वॉरंटी तंतोतंत पाळायची होती, मग तिचा नुकसानीशी संबंध असो वा नसो. मोडली की त्या क्षणापासून संरक्षण संपलं. ब्रिटनने २०१५ च्या कायद्याने हे सौम्य केलं. आता मोडलेल्या काळापुरतं संरक्षण थांबतं आणि चूक सुधारली की परत सुरू होतं. पण तुमची पॉलिसी कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, यावर हे अवलंबून. विश्रांतीच्या, म्हणजे बोट न चालवण्याच्या, महिन्यांत ती पाण्याबाहेर हवी की नुसती बांधलेली चालेल, हे नेमकं वाचावं. हवा छान आहे म्हणून त्या काळात एक फेरी मारली, तर ती फेरी विम्याशिवायची.

जुन्या बोटीला कंपनी सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून केलेली तपासणी, मागते. तो बोट पाण्याबाहेर काढूनच करून घ्यावा. चांगला सर्व्हेअर हातोडीने तळ ठोकत जातो; फायबरग्लासचे थर सुटलेल्या जागी टणक आवाजाऐवजी भद्द आवाज येतो. ओल मोजतो, डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या ते विचारतो, कारण ठरावीक वर्षांनंतर त्या बदलल्याशिवाय बऱ्याच कंपन्या डोलकाठीचा विमा देत नाहीत. सीकॉक पितळेचा असेल तर तो जरा खरवडून बघतो. पिवळी चमक दिसली तर बरं. गुलाबीसर तांबूस रंग दिसला तर जस्त झडून गेलंय आणि धातू ठिसूळ झालाय. अहवालाच्या शेवटी तातडीच्या कामांची यादी असते, आणि कंपनी ती कामं केल्याची सही घेते. न करता सही करू नका. क्लेमच्या दिवशी तो कागद सगळ्यात आधी काढला जातो. तसंच आधीचे अपघात, वाढवलेली इंजिनाची ताकद, स्वतः बसवलेली लिथियम बॅटरी, हे सगळं अर्जात सांगून टाकावं. सागरी विमा परस्परांच्या पूर्ण प्रामाणिकपणावर उभा आहे आणि लपवलेली एक गोष्ट बाकीची खरी माहितीही निकामी करते.

बुडाल्यावर काय करायचं तेही पॉलिसीत लिहिलेलं असतं: नुकसान वाढू नये म्हणून मालकाने वाजवी धडपड करायची, आणि त्या धडपडीचा खर्च कंपनीने द्यायचा. आधी गळणारं इंधन रोखा, मग कंपनीला कळवा, मग बोट वर काढायची तजवीज करा. इंजिनाचा माणूस आधी ठरवा, कारण इंजिन खाऱ्या पाण्यात असताना जेवढं गंजतं त्याहून झपाट्याने बाहेर हवा लागल्यावर गंजतं. वर आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवायचं, तेल काढून टाकायचं, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढून आत गंजरोधक तेल सोडायचं. चावी फिरवून बघायचा मोह टाळा. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनचे दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतात.

आणि साफसफाई सुरू होण्याआधी सगळ्या सीकॉकचे फोटो घ्या, कोणता उघडा आणि कोणता बंद ते दिसेल असे. घसरलेला होज कापून फेकू नका. तुटलेला क्लॅम्प झाकणाच्या डबीत ठेवा, वर तारीख आणि तो कोणत्या झडपेवरचा होता ते लिहा. कंपनीचा माणूस मागेल तेव्हा पोच घेतल्याशिवाय देऊ नका.